मधुमेहाची गोळी घेतल्यावर होणारी जळजळ: गोळी बंद करावी का?

प्रश्न

माझ्या आईचे वय ६३ आहे आणि तिला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. दोन महिन्यांपूर्वी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८.४ आल्यामुळे डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन एसआर १००० मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी सकाळसाठी सुरू केली. तेव्हापासून तिला छातीत जळजळ, करपट ढेकर आणि मळमळ असा त्रास होतो. ती पहाटे पाचला उठते, पूजेआधी चहाबरोबर गोळी घेते आणि नाश्ता नऊ वाजता करते. गोळी मोठी असल्यामुळे गिळता येत नाही, म्हणून ती खलात कुटून घेते. पित्तासाठी पँटोप्राझोल ४० ही गोळी ती तीन वर्षे स्वतःच्याच मनाने, दुपारच्या जेवणानंतर घेत आली आहे. सकाळी सातच्या सुमारास तिला घाम येतो, हात थरथरतात, आणि ती म्हणते की पित्त खवळले. आता ती मधुमेहाचीच गोळी सोडायची म्हणते. आम्ही काय करावे?

पहिले उत्तर

मी वीस वर्षे औषधांच्या दुकानात बसतो. आपल्या मातोश्रींनी गोळी सोडू नये, परंतु ती घेण्याची पद्धत आजच बदलावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

एसआर म्हणजे औषध पोटात हळूहळू, अनेक तास सुटत राहील अशी रचना केलेली गोळी. मेटफॉर्मिनने पोट बिघडते हे जुनेच दुखणे आहे आणि ते कमी व्हावे याच हेतूने ही रचना केलेली असते. गोळी कुटली की ती रचना मोडते आणि १००० मिलिग्रॅम औषध एकदम, तेही अनशापोटी, पोटात उतरते. गिळणे जमतच नसेल तर ५०० च्या लहान गोळ्या विभागून देता येतील का, हे डॉक्टरांना विचारावे. गोळी नाश्त्याबरोबरच घ्यावी, नुसत्या चहाबरोबर नव्हे.

मला अधिक काळजी वाटते ती सातच्या घामाची आणि थरथरीची. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ती गोळी पाचला घेऊन नऊपर्यंत पोटात काहीच गेले नाही, तर साखर खाली येऊ शकते, आणि त्या वेळची कासाविशी आपल्याकडे सर्रास पित्त म्हणून खपवली जाते. त्या क्षणी घरच्या यंत्रावर साखर मोजावी. ती ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी त्या उपास करीत असतील, तर त्या दिवशी गोळीचे काय करायचे हेही आधीच विचारून ठेवावे.

पँटोप्राझोल जेवणानंतर घेतल्यास तिचा पुरता उपयोग होत नाही. ती जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायची असते. मात्र तीन वर्षांची सवय एकाएकी मोडू नये, कारण अचानक बंद केल्यावर काही काळ आम्ल उलट वाढते. जळजळीवर गुलकंद किंवा मोरावळा देत असाल तर त्यातली साखर हिशेबात धरावी, आणि रक्तदाब असेल तर फसफसणारी चूर्णे टाळावीत, कारण त्यांत सोडियम भरपूर असते.

दुसरे उत्तर

वरील उत्तरात एक भर घालतो, कारण ती चूक मी स्वतः भोगली आहे. मी शाकाहारी आहे, अकरा वर्षे मेटफॉर्मिन आणि त्यातली पाच वर्षे पित्ताची गोळी रोज घेत होतो. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा मधुमेहाने नसा बिघडल्या असे मानून मी दोन वर्षे गप्प बसलो. अखेरीस तपासले तर रक्तातले बी१२ जीवनसत्त्व अवघे १३८ निघाले. मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून बी१२ कमी शोषले जाते. अन्नातून ते मोकळे व्हायला लागणारे आम्ल पित्ताच्या गोळीने कमी होते. आणि शाकाहारात ते मुळातच दूधदुभत्यापुरते मिळते. इंजेक्शनांनी काही महिन्यांत मुंग्या पुष्कळ कमी झाल्या, पण डाव्या अंगठ्याचा बधिरपणा तसाच राहिला. आपल्या आईंची ही तपासणी कृपया करून घ्यावी.

तिसरे उत्तर

मधुमेहात हृदयविकाराची कळ नेहमी कळीसारखी येत नाही. कधी ती केवळ जळजळ, मळमळ, घाम किंवा धाप अशीच जाणवते. जिना चढताना जळजळ वाढत असेल, किंवा ती जबड्यात वा डाव्या हातात जात असेल, तर पित्ताची गोळी देऊन वाट पाहू नये, तात्काळ रुग्णालयात न्यावे. काळी शौच होणे आणि घास अडकणे यांकडेही दुर्लक्ष करू नये.

प्रश्नकर्त्याची नोंद

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आज सकाळी सात वाजता घाम आल्यावर मोजली तेव्हा साखर ६१ निघाली. साखरेचे पाणी दिल्यावर वीस मिनिटांत आई सावरली. जळजळीचा आणि चढण्याउतरण्याचा संबंध तिला जाणवत नाही, तरीही डॉक्टरांनी दुपारी ईसीजी काढायला बोलावले आहे आणि बी१२ साठी रक्तही तेव्हाच देणार आहोत. उद्यापासून पूजा आधी उरकून साडेसहाला नाश्ता आणि त्याबरोबर गोळी, असे तिने स्वतःच ठरवले आहे; गोळी कोणती आणि किती, हे डॉक्टर आज सांगतील.