बडोद्याला कायमचे जाताना: पावणेसहा वर्षांच्या मुलीसाठी शाळा

सप्रेम नमस्कार,

येत्या एप्रिलमध्ये आम्ही इंग्लंडमधले लेस्टर सोडून कायमचे बडोद्याला राहायला जात आहोत. यजमानांची नवी नोकरी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे, सासूबाई दांडिया बाजारातल्या जुन्या घरी असतात, आणि आम्ही तिथेच राहायचे की पश्चिमेकडे गोत्री-वासणा भागात घर घ्यायचे, हे अजून ठरलेले नाही. आमची मुलगी जुलैत सहा वर्षांची होईल. इथल्या पद्धतीप्रमाणे ती आत्ता इयर वनमध्ये, म्हणजे पहिलीत आहे आणि छोटी पुस्तके स्वतः वाचते. बडोद्याच्या काही शाळांकडे मी चौकशी केली, तेव्हा सगळ्यांनी तिला सिनियर केजीत घालावे लागेल असे सांगितले. वाचता येणाऱ्या मुलीला पुन्हा अक्षरे गिरवायला बसवणे मला पटत नाही. यावर काही मार्ग निघतो का? शिवाय बोर्ड कोणते घ्यावे, आणि घरात मराठी, शाळेत इंग्रजी, बाहेर गुजराती एवढा भार या वयात झेपेल का, याबद्दल तिथे मुले वाढवणाऱ्यांनी लिहावे, ही विनंती.

लेस्टरहून एक सदस्या

*

नमस्कार ताई,

शाळांनी सिनियर केजी सांगितले, त्यात त्यांचा आडमुठेपणा नाही. गुजरातमध्ये २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पहिलीच्या प्रवेशासाठी १ जून रोजी सहा वर्षे पूर्ण असण्याची अट अमलात आली आहे, आणि ती राज्य मंडळाच्या शाळांइतकीच सीबीएसईच्या शाळांनाही लागू आहे. ही अट थोडक्यात हुकलेल्या मुलांच्या पालकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली होती, पण न्यायालयाने त्या याचिका २०२३ मध्येच फेटाळल्या. तेव्हा ओळखी काढण्यात आणि विनंतीअर्ज करण्यात वेळ घालवू नका. कुणी ‘करून देतो’ म्हणाले तर अधिकच सावध राहा, कारण जन्मतारीख एकदा शाळेच्या नोंदवहीत चढली की तिथला घोळ दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत मुलाची पाठ सोडत नाही.

इंग्लंडमध्ये मूल चार वर्षांचे झाले की येणाऱ्या सप्टेंबरात रिसेप्शनला, म्हणजे इयर वनच्या आधीच्या वर्गाला जाते, त्यामुळे जुलैत जन्मलेले मूल तिथल्या वर्गात अगदी धाकट्यांमध्ये गणले जाते. तुमची मुलगी आज त्या टोकाला आहे, इथे ती सिनियर केजीत थोरल्यांमध्ये बसेल. मला यात नुकसान दिसत नाही. पहिल्या वर्षी तिला घर, हवा, जेवण, खेळगडी आणि एक नवी लिपी अशा सगळ्याच गोष्टींशी जुळवून घ्यायचे आहे, आणि त्यात अभ्यासाचा वेग थोडा उतरला तर ते बरेच म्हणायचे. तुमची खरी अडचण कंटाळ्याची आहे. त्यासाठी शाळेला ‘हिला वरच्या वर्गात घ्या’ असे विचारण्याऐवजी ‘वाचता येणाऱ्या मुलाला तुमच्या वर्गात काय मिळते’ असे विचारा. एखाद्या शाळेत बाई लगेच उठून पुस्तकांचा कोपरा दाखवतात, एखाद्या शाळेत चार रेघी वही आणि ती किती पाने भरली याचा हिशेब पुढे येतो. या उत्तरावरून शाळेची जेवढी पारख होते, तेवढी माहितीपत्रकावरून कधी होत नाही.

बोर्डाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण पहिली-दुसरीच्या वयात त्याची चर्चा गरजेपेक्षा फार जास्त होते असे माझे मत आहे. पुन्हा राज्याबाहेर बदली होण्याचा संभव असेल तर सीबीएसई सोयीचे पडते, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. सीबीएसईच्या शाळा साधारण एप्रिलमध्ये आणि राज्य मंडळाच्या जूनमध्ये सुरू होतात, हा फरक मात्र तुमच्या विमानाच्या तिकिटांवर परिणाम करील. केंद्रीय विद्यालयाचा विचार असेल तर तिथे वय ३१ मार्चला मोजतात, आणि केंद्र सरकारच्या बदलीपात्र कर्मचाऱ्यांच्या मुलांना अग्रक्रम असल्याने खासगी नोकरीतल्या कुटुंबाने त्यावर फार भिस्त ठेवू नये.

गुजराती टाळता येईल असे समजू नका. २०२३ च्या कायद्याने राज्यातल्या प्रत्येक शाळेत, मग बोर्ड कोणतेही असो, पहिली ते आठवी गुजराती शिकवणे सक्तीचे झाले आहे. परराज्यातून आलेल्या मुलाला सूट मागण्याची सोय कायद्यात आहे, पण तुम्ही ती मागू नये असे मी म्हणेन. लेस्टरमध्ये राहिलेल्या मुलीच्या कानावर गुजराती पडलेलीच असणार. घरी देवनागरीची ओळख झाली असेल तर शिरोरेघ काढल्यावर ग, न, म, त, प, र ही अक्षरे तिला जवळजवळ तशीच दिसतील. क, ख, च, ज, फ, ब यांची वळणे वेगळी आहेत आणि मराठी घरातली मुले काही महिने तिथेच अडखळतात. माझ्या मुलाच्या वहीत गुजराती शब्दांवर बरेच दिवस मराठीची रेघ उमटत असे आणि बाई ती लाल पेनाने हळूच खोडत, पण त्यांनी कधी गुण कापले नाहीत.

आता ज्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त भर द्यायचा आहे ती म्हणजे अंतर. नकाशावर बडोदे लहान दिसते, पण या शहराला मध्ये रेल्वे आणि विश्वामित्री नदी अशा दोन रेषा छेदून जातात. दांडिया बाजारात राहून अलकापुरीपलीकडची शाळा घेतलीत, किंवा गोत्रीत राहून रावपुऱ्याकडची, तर मुलीला या दोन्ही रेषा रोज दोनदा ओलांडाव्या लागतील. पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्यात, पाणी भरले की सगळी वाहतूक पुलांवर चढते आणि शाळेची व्हॅन कुठे अडकली आहे हे विचारणारे पालकांचे फोन सुरू होतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती आणि फतेगंज, समा, अकोटा, कारेलीबाग या भागांत घरांत पाणी शिरले होते. असा पूर दर वर्षी येत नाही हे खरे, तरीही शाळेची आणि घराची इमारत पाहताना त्या आठवड्यात तिथे पाणी कुठवर आले होते, हे शेजारच्या दुकानदाराला अवश्य विचारावे. तो भिंतीवरची खूण दाखवतो.

म्हणून माझा सल्ला असा की आधी घर आणि मग शाळा हा क्रम उलटा करावा. येताच लांब मुदतीचा भाडेकरार करू नका. सासूबाईंकडे उतरा, तिथून रिक्षाने वीस मिनिटांच्या आत येणाऱ्या शाळा पाहा, आणि शाळा नक्की झाल्यावर तिच्या अंगाने घर शोधा. यजमानांना मकरपुऱ्याला जायला अर्धा तास अधिक लागला तर तो मोठ्या माणसाला सोसवतो, पण सकाळच्या पाळीच्या शाळेसाठी पहाटे उठून व्हॅनमध्ये पेंगणाऱ्या मुलाला तो सोसवत नाही. बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत चालतात, तेव्हा सिनियर केजीची वेळ कोणती आणि पहिलीत गेल्यावर ती बदलते का, हे लेखी विचारून घ्यावे.

शाळा पाहायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांची वेळ घेऊन जाच, पण एकदा न सांगता सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहून पाहा. मुलांची नावे कोण पुकारते, ओळखपत्र पाहिल्याशिवाय मूल सोपवतात का, व्हॅनमध्ये किती मुले कोंबतात, शेवटी राहिलेल्या मुलाजवळ कोणी मोठे माणूस थांबते का, हे सगळे तिथे दहा मिनिटांत दिसते. सहलींचे नियमही विचारा. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात नाव उलटून शाळेच्या सहलीतली १२ मुले आणि २ शिक्षिका दगावल्या, तेव्हापासून या शहरात असा प्रश्न विचारणाऱ्या पालकाला कोणी संशयखोर म्हणत नाही.

शुल्काबाबत २०१७ चा कायदा आहे. प्राथमिकसाठी वर्षाला १५,००० रुपयांपेक्षा अधिक शुल्क घ्यायचे तर शाळेला शुल्क नियमन समितीची, म्हणजे एफआरसीची, मंजुरी लागते, आणि बडोद्याच्या विभागासाठी स्वतंत्र समिती आहे. मंजुरीचा आदेश पाहायला मागा, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. तसेच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार देणगी घेण्याला आणि प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी परीक्षा घेण्याला बंदी आहे. ‘फक्त गप्पा मारू’ म्हणून बोलावतात तेव्हा जावे, पण मुलीची तयारी करून घेऊ नये.

आपला,
गोत्रीहून एक पालक

*

चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद,

वरचे पत्र व्यवहाराच्या दृष्टीने उत्तम आहे, आणि अंतराबद्दल त्यात जे लिहिले आहे त्यातला शब्दही मी बदलणार नाही. पण शाळा इंग्रजी माध्यमाचीच असणार हे त्यात न बोलता गृहीत धरले आहे, आणि प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेल्या मला त्यावर दोन शब्द लिहिणे भाग आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला, तेव्हा शिक्षण लोकांच्या भाषेत व्हावे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची किंवा परिसराची भाषा हेच माध्यम असावे असे म्हणते. तुझी मुलगी इंग्रजी घेऊनच येत आहे. घरात पुस्तके असतील आणि तू तिच्याशी वाचत राहिलीस तर ती भाषा कुठे जात नाही. गुजराती माध्यमाच्या काही जुन्या शाळांतले शिक्षण आजही चोख आहे, आणि तिथे मुलगी गल्लीतल्या मुलांची भाषा एका पावसाळ्यात उचलील. मराठी माध्यमाचे वर्ग नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत आहेत, परंतु पटसंख्या पाहून मी त्यांचा आग्रह धरीत नाही. समवयस्क सोबती नसतील तर भाषेच्या अभिमानाने वर्ग भरत नाही.

मराठीची काळजी शाळेवर टाकू नकोस. आजी घरात आहे, यापरते साधन नाही. आजीने रोज दुपारी एक पान वाचून दाखवावे आणि मुलीने आजीला एक पान. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तके मिळतात. तिथे तिला घेऊन जा आणि पुस्तक तिलाच निवडू दे.

दांडिया बाजारातून एक निवृत्त शिक्षिका

*

सप्रेम नमस्कार,

दोन्ही पत्रे यजमानांना वाचून दाखवली. सिनियर केजीचे मी मान्य केले आहे. माध्यमाबद्दल मात्र बाईंचे म्हणणे मनाला पटूनही मी इंग्रजी माध्यमच घेणार आहे, कारण यजमानांची नोकरी चार वर्षांनी आम्हाला कुठे नेईल ते सांगता येत नाही, आणि गुजराती माध्यमातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मुलाला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागेल. गुजरातीतून सूट मागणार नाही, आणि पहिले वर्ष सासूबाईंच्या घरीच राहू.

एक शंका उरली आहे. बडोद्याच्या शाळा ‘एलसी’, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला मागत आहेत, आणि इथल्या शाळेला तो प्रकार ठाऊकच नाही.

लेस्टरहून

*

नमस्कार ताई,

इंग्लंडच्या प्राथमिक शाळेकडून शाळेच्या नाममुद्रित कागदावर सही-शिक्क्याचे एक पत्र घ्या. त्यात मुलीचे पूर्ण नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, सध्याचा वर्ग आणि शेवटचा दिवस एवढे असावे. शाळा सोडल्याच्या दाखल्याऐवजी ते चालण्यास हरकत नसावी, शिवाय दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. मुलीचे पारपत्र ब्रिटिश असेल तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाची प्रत सोबत जोडा. लसीकरणाची नोंदही तिथून निघण्यापूर्वी छापून घ्या, नंतर ती मिळवताना त्रास होतो.

नावाकडे लक्ष द्या. इथे अर्जावर आधी आडनाव, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो, आणि इंग्लंडच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव मधले नाव म्हणून बहुधा घातलेले नसते. अर्ज भरण्यापूर्वी शाळेच्या कारकुनाला पारपत्र दाखवून नोंद नेमकी कशी करणार ते विचारा, आणि जी करतील ती पारपत्राशी अक्षरशः जुळते आहे याची खात्री तिथेच, खिडकीसमोर उभे राहून करून घ्या.

गोत्रीहून