वीज परत आल्यावर व्हर्च्युअल मशीनचे घड्याळ मागे राहते

सातपूरकर:
सातपूरच्या एका लहान कारखान्यात मी केव्हीएमवरील (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवण्याची लिनक्समधील सोय) तीन व्हर्च्युअल मशीन सांभाळतो. त्यांपैकी एकीवर कामगारांची हजेरी नोंदवली जाते. शनिवारी दुरुस्तीसाठी वीज बंद झाली, की यूपीएसची बॅटरी संपण्यापूर्वी होस्ट, म्हणजे ज्यावर त्या चालतात तो खरा संगणक, तिन्ही मशीनची स्थिती डिस्कवर जतन करून बंद होतो. वीज आल्यावर मशीन थांबल्या तेथून पुढे चालू लागतात, पण घड्याळही तेथूनच पुढे जाते. गेल्या वेळी ४० मिनिटांचा फरक पडला आणि गेस्टमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत, क्रोनी (घड्याळ बरोबर वेळेशी जुळवणारा प्रोग्राम) चालू असूनही तो भरून निघायला संध्याकाळ झाली. केव्हीएम-क्लॉक (केव्हीएमकडून गेस्टला मिळणारे घड्याळ) असताना असे का व्हावे?

पंचवटी_रूट:
केव्हीएम-क्लॉककडून आपण भलतीच अपेक्षा करीत आहात. होस्टच्या प्रोसेसरमधील टीएससी गणकाच्या आधारे सेकंद नीट मोजले जावेत, एवढेच त्याचे काम. जतन केलेली मशीन उठते तेव्हा मोजणीही जतन केलेल्या आकड्यापासूनच सुरू होते. मधला काळ भरून काढणे क्रोनीकडे येते, परंतु तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये बहुधा ‘मेकस्टेप १ ३’ अशी ओळ असते, म्हणजे एका सेकंदाहून अधिक फरक एकदम सरकवण्याची मुभा क्रोनी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच असते. आपली क्रोनी मशीनबरोबर गोठली आणि मशीनबरोबरच जागी झाली, नव्याने सुरू झालीच नाही, त्यामुळे ती मुभा केव्हाच संपली होती. मग ती घड्याळ थोडे वेगाने पळवते, आणि हा जादा वेग मुळात फार तर एक-द्वादशांश, म्हणजे मिनिटाला ५ सेकंद असल्याने ४० मिनिटांना ८ तास लागतात. त्या ओळीत ३ च्या जागी उणे १ लिहावे, म्हणजे ही मर्यादा राहत नाही. मात्र मग घड्याळ कधी मागेही उडी घेऊ शकते, हे हजेरीच्या बाबतीत ध्यानात ठेवावे.

देवळाली_कॅम्प:
वरील निदान योग्य आहे. एक भर घालतो: वीज आल्यावर राउटर व इंटरनेट जागेवर येईपर्यंत एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) सर्व्हर गाठताच येत नाही, आणि नेमका तोच वेळ पहिल्या पाळीच्या हजेरीचा असू शकतो. लिनक्स ४.११ पासून पीटीपी-केव्हीएम हे मॉड्यूल (लिनक्सला जोडता येणारा भाग) आहे. ते गेस्टमध्ये लोड करून तयार होणारे पीटीपी उपकरण (वेळ देणारे आभासी घड्याळ) क्रोनीला स्रोत म्हणून दिल्यास गेस्ट थेट होस्टची वेळ वाचतो, मध्ये नेटवर्क येतच नाही. होस्टचे घड्याळ बरोबर असणे अर्थातच आवश्यक, म्हणून एनटीपी तेथे चालवावे. मेकस्टेपची दुरुस्ती तरीही लागेलच.

सातपूरकर:
दोन्ही बदल केले आणि एक मशीन मुद्दाम जतन करून अर्ध्या तासाने उठवली. थोड्याच वेळात क्रोनीने घड्याळ एका उडीत जागेवर आणले. हजेरीची मशीन मात्र यापुढे जतन न करता सरळ बंदच करणार आहे.