शिक्षकाच्या कमरेला पिस्तूल असावं का? अमेरिकेतल्या शाळांवर चर्चा

वाटाड्या

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२३ पासून प्रत्येक सरकारी शाळेच्या आवारात शाळा चालू असताना निदान एक सशस्त्र अधिकारी असणं सक्तीचं आहे. त्यासाठी राज्यानं २०२३ मध्ये आवारामागे १५,००० डॉलर आणि विद्यार्थ्यामागे १० डॉलर दिले. एवढ्यात पूर्ण वेळचा पोलीस मिळत नव्हता. पैसे किंवा माणूस मिळत नसेल तर डिस्ट्रिक्टला (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) दुसरा मार्ग कायद्यातच ठेवलेला आहे: स्वतःच्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाला तरी शस्त्र द्या. डॅलस-ह्यूस्टनच्या आसपास मुलं शाळेत घातलेल्या मराठी पालकांसमोर हा प्रश्न आता मतदानाच्या कागदावरचा राहिलेला नाही, तो शाळेच्या दारात आला आहे.

माझी बाजू आधीच सांगतो. सरसकट नको, पण दूरच्या, लहान गावांतल्या शाळांत हवं. टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या शाळेवर २४ मे २०२२ ला हल्ला झाला, ३७६ पोलीस जमले आणि हल्लेखोराला थांबवायला ७७ मिनिटं गेली, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यातली दुसरी गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. हल्लेखोरानं शंभरावर गोळ्या पहिल्या तीनेक मिनिटांतच झाडल्या होत्या. पोलीस धाडसी असते तरी ती तीन मिनिटं त्यांची नव्हतीच. कनेक्टिकटमधल्या सँडी हुक शाळेत २०१२ मध्ये पाच मिनिटांच्या आत १५४ गोळ्या सुटल्या. जिथे शेरीफची (स्थानिक पोलीसप्रमुखाची) गाडी यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तिथे त्या मिनिटांत आवारात आधीपासून असलेलाच माणूस काही करू शकतो.

टेक्सासमध्ये याचे दोन प्रकार आहेत. 'मार्शल' व्हायला ८० तासांचं प्रशिक्षण आणि मानसिक तपासणी लागते. 'गार्डियन' म्हणजे शाळा मंडळानं लेखी परवानगी दिलेला माणूस, त्याच्या अटी बऱ्याच सैल. मी पहिल्या प्रकाराच्या बाजूनं बोलतोय.

चांदमारी

असहमत, आणि कारण नेमबाजीच्या आतलंच आहे.

न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा रँड या संशोधन संस्थेनं अभ्यास केला. त्यात समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या गोळ्या लागण्याचं प्रमाण १८ टक्के होतं, समोरचा गोळी झाडत नसताना ३०. हे पगारी, गणवेशातले, नियमित सराव करणारे लोक. त्यांच्याही शंभरातल्या सत्तर-ऐंशी गोळ्या दुसरीकडे कुठेतरी गेल्या. शाळेत ते 'कुठेतरी' म्हणजे काय? वर्गांमधल्या भिंती बहुतेक ठिकाणी जिप्सम बोर्डाच्या असतात, पिस्तुलाची गोळी त्या भेदून पलीकडच्या बाकापर्यंत जाते. कॉरिडॉर लांब आणि सरळ, त्यात मुलं दोन्ही दिशांना पळतायत. चांदमारीवर लक्ष्यामागे मातीचा बांध असतो. इथे लक्ष्यामागे मुलं असतात.

कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेवर १९९९ मध्ये हल्ला झाला तेव्हा तिथे शेरीफ खात्याचा सशस्त्र डेप्युटी होता. त्यानं बाहेरून साठेक यार्डांवरून गोळ्या झाडल्या, एकही लागली नाही. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेवरच्या हल्ल्यात २०१८ मध्येही सशस्त्र अधिकारी होता, तो इमारतीबाहेर थांबून राहिला. प्रशिक्षित माणसाची ही गत असेल तर बीजगणित शिकवणाऱ्या बाईंकडून काय अपेक्षा करायची?

आणि तास? ओहायोत पूर्वी पोलिसाइतकं, म्हणजे ७०० तासांहून जास्त प्रशिक्षण लागायचं. २०२२ च्या कायद्यानं राज्याची सक्ती जास्तीत जास्त २४ तासांवर आणली, पुढे वर्षाला ८ तास. २४ तासांत होल्स्टरमधून, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानातून, पिस्तूल काढायचं, मॅगझिन बदलायचं, अडकलेलं काडतूस मोकळं करायचं, एवढं हाताला कळतं. डोळ्याला मात्र कळत नाही. समोरच्या मुलाच्या हातात फोन आहे की पिस्तूल, हे अर्ध्या सेकंदात ठरवण्याची सवय २४ तासांत लागत नाही.

ओहायोकर

@चांदमारी, आकडा बरोबर, चित्र अर्धं. २४ तास ही राज्याची मर्यादा आहे, डिस्ट्रिक्टला वाढवायची मुभा आहे. शिवाय त्यात प्रसंगनाट्यावर आधारलेला सराव सक्तीचा आहे. आणि कुणावरही जबरदस्ती नाही, शाळा मंडळानं ठराव केला तरच हे लागू होतं. इथे स्वयंसेवी संस्था तीन दिवसांचं शिबिर घेतात, त्यात रक्तस्राव थांबवायचं शिक्षणही असतं. टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, कसा आवळायचा, जखमेत पट्टी कशी कोंबायची. पिस्तूल कधी हातात घ्यावं लागलं नाही तरी खेळाच्या मैदानावरच्या अपघातालाही ते शिक्षण उपयोगी पडतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि यश कधी आलंच नाही असं नाही. मिसिसिपीतल्या पर्ल गावी १९९७ मध्ये उपमुख्याध्यापकानं स्वतःच्या ट्रकमधून पिस्तूल आणून हल्लेखोराला पकडलं. इलिनॉयमधल्या डिक्सनला २०१८ मध्ये शाळेतल्या अधिकाऱ्यानं हल्लेखोराला जखमी करून थांबवलं.

चांदमारी

पर्लचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. पिस्तूल ट्रकमध्ये होतं, ते आणेपर्यंत दोन मुली मेल्या होत्या आणि हल्लेखोर बाहेर पडत होता. त्यावर उत्तर एकच, पिस्तूल दिवसभर अंगावर ठेवा. म्हणजे नेमकं कसं ठेवायचं, तेही कुणी सांगावं.

शाळेची घंटा

ते मी सांगते, कारण या वादात रोजच्या सात तासांबद्दल कुणी बोलतच नाही.

पिस्तूल तिजोरीत ठेवलं तर बोटाच्या ठशावर उघडणारी तिजोरी लागते. घामेजलेल्या किंवा खडूनं भरलेल्या बोटाला ती एकदा नकार देते, दुसऱ्यांदा देते. शिवाय तिजोरी एका खोलीत आणि शिक्षिका मधल्या सुट्टीत मैदानावर. अंगावर ठेवलं तर कपड्याखालचं होल्स्टर असं हवं की ट्रिगर पूर्ण झाकलेला राहील आणि नुसतं ओढून पिस्तूल निघणार नाही. बालवाडीतली मुलं कमरेला मिठी मारतात. विशेष गरजा असलेल्या मुलाला सावरताना अंगाला अंग लागतं. वाकून चेन लावायची, जमिनीवर बसून गोष्ट सांगायची, यातल्या प्रत्येक क्षणी ते पिस्तूल लपलेलंही राहायला हवं आणि सुरक्षितही.

सगळ्यात धोक्याची जागा स्वच्छतागृह. पट्टा सैल केला की होल्स्टर लटकतं, म्हणून लोक पिस्तूल काढून बाजूला ठेवतात, आणि विसरतात. पेनसिल्व्हेनियातल्या एका खासगी शाळेत २०१६ मध्ये हेच झालं, भरलेलं पिस्तूल मुलांना सापडलं. युटामध्ये २०१४ मध्ये शाळेच्या स्वच्छतागृहात शिक्षिकेच्या पिस्तुलातून गोळी सुटली, कमोड फुटला, तुकडे तिच्या पायात घुसले. कॅलिफोर्नियात मार्च २०१८ मध्ये तर शिक्षक राखीव पोलीसही होते. वर्गात बंदूक सुरक्षा शिकवतानाच गोळी छताला लागली आणि एक विद्यार्थी जखमी झाला.

हल्ला हा बहुतेक शाळांच्या आयुष्यात एकदाही येत नाही. स्वच्छतागृह रोज येतं.

विम्याचंही सांगते. कॅन्सासनं २०१३ मध्ये शाळांना परवानगी दिली, तेव्हा तिथल्या बहुतेक डिस्ट्रिक्टचा विमा उतरवणाऱ्या कंपनीनं सशस्त्र कर्मचारी असलेल्या शाळांना संरक्षण नाकारलं. कायदा कागदावर राहिला.

मीनल_न्यूजर्सी

एक साधा प्रश्न. माझ्या मुलाच्या बाईंकडे पिस्तूल आहे का, हे मला कळतं का?

ओहायोकर

राज्यावर अवलंबून. ओहायोत शाळेनं कर्मचाऱ्यांना शस्त्र द्यायचं ठरवलं आहे, एवढं पालकांना कळवावं लागतं. टेनेसीनं २०२४ मध्ये केलेल्या कायद्यात ४० तासांचं प्रशिक्षण, मानसिक तपासणी आणि मुख्याध्यापक, डिस्ट्रिक्टचे संचालक व स्थानिक पोलीस या तिघांची मंजुरी लागते, पण कोण शस्त्र बाळगतं हे पालकांना सांगितलं जात नाही. मी बाजूनं असलो तरी टेनेसीची ही गुप्तता मला पटत नाही.

कुलूपकिल्ली

तुम्ही सगळे कॉरिडॉरमध्ये उभे आहात, मी दाराशी येतो.

युव्हाल्डीच्या चौकशी अहवालात पिस्तुलाइतकंच कुलपांबद्दल आहे. पश्चिमेचं बाहेरचं दार बंद होतं, पण कुलूप लागलं नव्हतं. १११ क्रमांकाच्या वर्गाचं दार नीट बसत नाही हे आधीपासून माहीत होतं. किल्ल्या पुरेशा नव्हत्या, म्हणून दारं दगड लावून उघडी ठेवायची सवय पडली होती.

अमेरिकेतल्या जुन्या शाळांत वर्गाचं कुलूप फक्त बाहेरून किल्लीनं लागतं. म्हणजे गोळीबार ऐकल्यावर शिक्षिकेनं दार उघडून कॉरिडॉरमध्ये हात काढायचा, थरथरत्या हातानं किल्ली फिरवायची. बदली शिक्षकाकडे तर किल्लीच नसते. आतून लागणारं कुलूप बसवलं की हा सगळा प्रकार संपतो. दोनच पथ्यं आहेत. आतून बाहेर पडताना एकाच हालचालीत दार उघडलं पाहिजे, नाहीतर आगीत मुलं अडकतील, म्हणून बाजारातल्या आडव्या दांड्या घेऊ नका. आणि दाराच्या काचेला फिल्म लावा, म्हणजे काच तडकली तरी हात आत घालून कडी काढता येणार नाही.

जॉर्जियात अपालाची हायस्कूलवर ४ सप्टेंबर २०२४ ला हल्ला झाला. चार जण गेले, ते दुःख कमी होत नाही. पण शिक्षकांच्या ओळखपत्रात पॅनिक बटण होतं, संदेश लगेच गेला, शाळेतले अधिकारी समोर आले आणि हल्लेखोर काही मिनिटांत शरण आला. तो एका वर्गाशी परत आला तेव्हा दार बंद होतं आणि आतल्या मुलीनं ते उघडलं नाही.

आता मूळ. राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसनं २००८ ते २०१७ मधले शाळांवरचे ४१ हल्ले अभ्यासले. बंदूक वापरलेल्या हल्ल्यांत ७६ टक्के वेळा ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आली होती. शिक्षकाला पिस्तूल देण्याआधी घरातल्या बंदुकीला कुलूप लावा, ते जास्त शाळा वाचवेल. मिशिगनमध्ये ऑक्सफर्ड हायस्कूलच्या हल्लेखोराच्या आईवडिलांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली, ती याच कारणानं.

वाटाड्या

@कुलूपकिल्ली, कुलूप आधी, हे मान्य. शाळेची घंटा यांचे स्वच्छतागृहाचे मुद्देही मान्य, त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कदाचित बालवाडी आणि प्राथमिक वर्गशिक्षकांना यातून वगळायलाच हवं, आणि शस्त्र फक्त कार्यालयातल्या, मुलांच्या अंगाशी संबंध न येणाऱ्या माणसाकडे द्यावं.

पण जिथे गाडी पंचवीस मिनिटांनी येते तिथे बटण दाबल्यावर कोण येणार, हा प्रश्न उरतोच.

चांदमारी

तोही प्रश्न खरा आहे. मग त्याच्या जोडीनं हेही सोडवा: पंचवीस मिनिटांनी आलेल्या पोलिसाला साध्या कपड्यातला, हातात पिस्तूल असलेला माणूस दिसेल. कोलोरॅडोतल्या अरवाडात जून २०२१ मध्ये एका नागरिकानं हल्लेखोराला गोळी घालून थांबवलं, त्याची रायफल उचलली, आणि आलेल्या पोलिसानं त्या नागरिकालाच मारलं. तुमच्या कार्यालयातल्या माणसाला पोलीस ओळखणार कसे? त्याचा फोटो शेरीफच्या प्रत्येक गाडीत असणार आहे का, तो दर सत्रात बदलला जाणार आहे का, आणि शेजारच्या काउंटीहून धावून आलेल्या पोलिसांचं काय? हे लिहून दाखवणारं एक तरी डिस्ट्रिक्ट दाखवा, मी माझ्या मताचा पुन्हा विचार करेन.