मदत हवी आहे: कोंबडीच्या गर्भात पंख वाढतो तेव्हा सिग्नल कोण कुणाला देतं?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, एमएस्सी झूलॉजी करतोय, पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि डोक्याचा पार भुगा झालाय. परवा प्रॅक्टिकलला अंड्याला खिडकी पाडून तीन दिवसांचा गर्भ बघितला, इवलंसं हृदय धडधडत होतं आणि बाजूला पंखाचा कोंब म्हणजे नुसता फुगवटा. (आधीची बॅच लाईट जाऊन इनक्युबेटर बंद पडल्यामुळं गेली, ते सोडा.)

आता मला समजलंय ते असं, कोंबाच्या मागच्या कडेच्या पेशी सॉनिक हेजहॉग (शेजारच्या पेशींना सिग्नल देणारं प्रथिन, पुढं नुसतं हेजहॉग) सोडतात, त्यानं ग्रेमलिन नावाचं दुसरं प्रथिन चालू होतं, ग्रेमलिन बीएमपी या तिसऱ्या सिग्नल-प्रथिनाला अडवतं, आणि बीएमपी अडला की टोकाच्या कडेतला एफजीएफ (वाढीचा सिग्नल देणारं प्रथिन) टिकतो, जो परत हेजहॉगला टिकवतो. म्हणजे चादरीच्या उभ्या-आडव्या धाग्यांसारखं, एक सुटला की दुसरा पण ढिला. तोच मागचा तुकडा पुढच्या कडेला लावला तर बोटं आरशातल्यासारखी डबल येतात, हे सॉन्डर्स आणि गॅसेलिंग या संशोधकांनी १९६८ ला दाखवलं, हेजहॉगचं नाव मात्र १९९३ ला जोडलं गेलं.

अडलंय इथं की हे चक्र एकमेकांना ढकलतच राहतं तर थांबतं कधी? एका ठिकाणी वाचलं की एफजीएफ फार वाढला की तोच ग्रेमलिनला दाबतो, दुसरीकडं वाचलं की ज्या पेशींनी हेजहॉग बनवला त्यांच्या वंशातल्या पेशी ग्रेमलिन बनवतच नाहीत म्हणून हेजहॉगच्या आणि ग्रेमलिनच्या पेशींमधलं अंतर वाढत जातं आणि सिग्नल पोचत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का? डेव्हलपमेंटल बायोलॉजी शिकवणारं कुणी असेल तर प्लीज सांगा, आणि फळ्यावर काढता येईल अशी साधी आकृती असेल तर टाका की.