मदत हवी आहे: उन्हाळी संशोधन प्रकल्पाचं वेळापत्रक कसं बसवावं?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत बीएस्सीला शिकवते. मे-जूनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या ८ मुलांना घेऊन ६ आठवड्यांचा प्रकल्प करायचाय: भाट्याच्या खाडीतल्या कांदळवनात पाण्याची क्षारता, म्हणजे खारटपणा, मोजायची. इंजिनिअरिंगची २ मुलं त्यासाठी सेन्सर बनवतील.

अडचण वेळेची आहे. परीक्षा संपेपर्यंत मे उजाडतो, तेव्हा घरोघरी आंबा काढणी. जूनमध्ये पाऊस लागला की वरून गोडं पाणी येतं आणि क्षारता झपाट्याने उतरते. म्हणजे पावसाआधीच्या नोंदी मेमध्येच हव्यात. त्यात खाडीत उतरायची ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, एसटीची वेळ मात्र जागची हलत नाही. गेल्या वर्षी राजापूरची एक मुलगी गुडघाभर चिखलातून नमुन्याच्या बाटल्या डोक्यावर धरून बाहेर आली, तोवर तिची शेवटची गाडी गेली होती. रात्री माझ्याकडेच राहिली. फार जिद्दीची पोर. अशी मुलं केवळ प्रवासापायी सुटू नयेत असं मनापासून वाटतं.

कुणी असा कार्यक्रम चालवलाय का? मुलांना विद्यावेतन किती दिलंत, कुठून उभं केलंत? सुट्टीत हॉस्टेल आणि मेस चालू ठेवायला कॉलेजला कसं पटवलंत? कृपया सविस्तर सांगा.