साखरेनं घडवलेला शास्त्रज्ञ

या चर्चेत एकांनी लिहिलंय, 'इम्युनॉलॉजी (शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र) हे डॉक्टरांचं काम, केमिस्ट्रीवाल्यांचा काय संबंध?' शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला रसायनाशी झटापट केलेला माणूस म्हणून हे काही पटलं नाही बघा.

मायकेल हायडेलबर्गर यांचं नाव इथं कुणीच कसं घेतलं नाही? मूळचे सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ. १९२३ मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ओस्वाल्ड एव्हरींबरोबर त्यांनी दाखवलं, की न्यूमोनियाच्या न्यूमोकोकस जंतूवरचं आवरण साखरेच्या लांब साखळ्यांचं असतं आणि शरीर त्या साखरेलाच ओळखतं. तोवर समज असा, की शरीराची प्रतिकारशक्ती फक्त प्रथिनांनाच ओळखते. (आम्ही गुळाच्या गावचे, साखरेची बाजू घेणारच!)

पण माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण पुढचं. अँटिबॉडी (जंतूंशी लढायला शरीर रक्तात बनवतं ते द्रव्य) तोवर अंदाजपंचे मोजायचे: सीरम (रक्तातला पेशी नसलेला पातळ भाग) इतके पट पातळ केलं तरी परिणाम दिसतो, एवढंच. हायडेलबर्गर यांनी सीरममध्ये अँटिजेन (अँटिबॉडी ज्याला चिकटते तो पदार्थ, जसं ती साखर) मिसळून तयार झालेला साका वेगळा काढला, त्यातला नायट्रोजन (प्रथिनांत असतो तो) मोजला आणि अँटिबॉडीचं वजन थेट मिलिग्रॅममध्ये सांगितलं. अँटिबॉडी हे प्रथिनच आहे, हेही त्यातून पक्कं झालं.

१९४५ मध्ये अमेरिकी सैनिकांवर न्यूमोकोकसच्या आवरणातल्या साखरेपासून केलेल्या लशीची चाचणी यशस्वी झाली, पण पेनिसिलिन आल्यावर ती लस मागं पडली. हायडेलबर्गर यांना लास्कर पुरस्कार (वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार) दोनदा, १९५३ आणि १९७८. मधे १९६७ चं अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक. नोबेल मात्र नाही. १९९१ मध्ये गेले तेव्हा वय १०३. आणि हो, क्लॅरिनेटही झकास वाजवायचे.