थँक्सगिव्हिंगसाठी बिडाच्या तव्यातला कॉर्नब्रेड : मदत हवी आहे

मंडळी, आम्ही टेनेसीत, चॅटनुगाजवळ राहतो. शेजारच्या आजी दर वर्षी थँक्सगिव्हिंगला आम्हाला जेवायला बोलावतात. यंदा त्यांच्या मनगटाचं ऑपरेशन झालंय, बिडाचा जड तवा उचलवत नाही. कॉर्नब्रेड मी करून आणतो म्हटलं, तर त्यांनी त्यांच्या आईचा दहा इंची तवा माझ्या हातात ठेवला. अट एकच, साखर घालायची नाही. (उत्तरेकडे गोड, केकसारखा करतात. इथे दक्षिणेत तो कित्येकांना कॉर्नब्रेड वाटतच नाही.)

थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, दहा दिवसांवर आलाय आणि माझे दोन्ही प्रयत्न फसलेत.

पहिल्यांदा भारतीय दुकानातलं मक्याचं पीठ घेतलं, भाकरीला असतं तसं बारीक. ब्रेड दडस झाला. दुसऱ्यांदा इथल्याच दुकानातून पांढऱ्या मक्याचं जाडसर पीठ आणलं. 2 कप पीठ, दीड कप बटरमिल्क, 1 अंडं, 2 चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, 1 चमचा मीठ, 4 मोठे चमचे लोणी. 425 फॅरनहाइटला 22 मिनिटं. घरभर वास सुटला, पण चव खारट आणि साबणासारखी. कापायला गेलो तर नुसता भुगा.

काय चुकतंय? आणि आजी तव्यात बेकनची चरबी घालतात. आमच्या घरी अंडं चालतं, बेकन नाही. तूप चालेल का?

प्रतिसाद १
दादा, आधी पिठाचं पाकीट बघा. त्यावर 'सेल्फ रायझिंग' लिहिलंय का? दक्षिणेत तसंच पीठ जास्त खपतं. त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच असतं, तुम्ही ते पुन्हा घातलंत. तसं असेल तर पावडर, सोडा, मीठ तिन्ही काढून टाका.

तूप बेधडक घाला. लोणी तापल्या तव्यात करपतं, तूप नाही. तवा रिकामाच ओव्हनमध्ये तापवा, मग तूप सोडा आणि लगेच मिश्रण ओता. चर्र आवाज आला पाहिजे, खालचा खरपूस पापुद्रा त्यानेच येतो.

प्रतिसाद २
भुग्याचं कारण ज्वारीच्या भाकरीसारखंच आहे. मक्यात गव्हासारखा चिकटपणा नाही. म्हणून भाकरीला करतो तेच करा: दोनातलं अर्धा कप पीठ बाजूला काढून त्यावर पाव कपाहून थोडं जास्त उकळतं पाणी ओता, घट्ट उकड होऊ द्या, मग त्यात बटरमिल्क, अंडं आणि उरलेलं पीठ. काढल्यावर पंधरा मिनिटं सुरी लावू नका, गरम असताना तुटणारच. घरचं पातळ ताक मात्र वापरू नका, इथलं बटरमिल्क दाट असतं. ते नसेल तर दही थोड्या दुधात फेटून घ्या.

टर्कीबरोबरच्या ड्रेसिंगसाठीही (कुस्करलेल्या ब्रेडचा भाजलेला पदार्थ) कॉर्नब्रेड लागणार असेल तर तो दोन दिवस आधी करून कुस्करून उघडा वाळवा. ओला ब्रेड घातला की त्याचा लगदा होतो. जेवताना खायचा मात्र त्याच दिवशी, गरम.

धागाकर्ता
पाकिटावर अगदी तेच लिहिलं होतं! काल उकड काढून, तूप घालून पुन्हा केला. तुकडे अख्खे निघाले. आजींना नेऊन दिला, त्यांनी उलटा करून आधी खालची बाजू पाहिली आणि उभ्या उभ्याच अर्धा तुकडा खाल्ला. ड्रेसिंगचाही मीच करतोय आता. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

एक राहिलं. तवा धुवायचा कसा? आजींच्या आईचा आहे, हात लावायला भीती वाटते.

प्रतिसाद १
आपल्या डोशाच्या बिडाच्या तव्यासारखाच. गरम पाणी, मऊ घासणी, भिजत ठेवायचा नाही. लगेच पुसून शेगडीवर पूर्ण कोरडा करा आणि कोमट असतानाच तेलाचं बोट फिरवा.